कुमुदताईंचा उशीर

कुमुद पेंडसे यांच्यावर माझा राग आहे. त्या गेल्या, फुलं वाहून झाली, मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली, तिथं मीही हात जोडून उभा राहिलो. राग तसाच आहे. स्मरणिकेसाठी लिहा म्हणून सेक्रेटरी दुकानात आला तेव्हा मी त्याला विचारलं, "खरं लिहू, की मंडळाच्या पद्धतीनं लिहू?" तो हसला. मी हसलो नव्हतो. तेव्हा आता छापायचं की नाही ते त्यानं ठरवावं.

आमचं गाव मिडलंड्समधलं, नॉटिंगहॅमच्या बाजूचं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कुमुदताई इथल्या शाळेत केमिस्ट्री शिकवायच्या. नवरा डॉक्टर होता, तो लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. मग त्या कौन्सिलवर निवडून आल्या, पुष्कळ वर्षं राहिल्या, आणि शाळेतून रिटायर झाल्यावर एक दिवस बातमी आली की त्यांना हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये घेतलं. म्हणजे आपल्या राज्यसभेसारखं, पण निवडून यायची भानगड नाही. नेमलं की मरेपर्यंत किंवा कंटाळा येईपर्यंत बसायचं. बॅरोनेस पेंडसे. पक्ष कुठलाच नाही. गावात कोणी त्यांना 'लेडी पेंडसे' म्हणालं की त्या मागं वळून बघायच्या, कोणी दुसरी आली आहे का म्हणून.

बुटक्या होत्या. साडीवर निळा अनोरॅक म्हणजे पावसाळी जॅकेट, कानांवर ओढलेली लोकरीची टोपी, खांद्याला कापडी पिशवी, पायात ट्रेनर्स, पळायचे बूट. लंडनला जायच्या दिवशी तेवढे काळे बूट. बाकी सगळं तेच. पिशवीत डबा असायचा, कारण पार्लमेंटातलं सँडविच त्यांना "ओल्या पुठ्ठ्यासारखं" लागायचं.

मी कराडजवळचा. इथं आलो तेव्हा शनिवारच्या मार्केटात भाजीचा स्टॉल लावायचो. आज माझं होलसेलचं दुकान आहे, चार व्हॅन आहेत, आणि यातलं काही मला कोणी दिलेलं नाही. भाव करणं हा माझा धंदा आणि माझा स्वभाव. आयुष्यात मी भावात हरलो तो वेम्बलीच्या एका म्हाताऱ्या व्यापाऱ्यापुढं आणि कुमुदताईंपुढं. आणि ताई तर भाव करायच्याच नाहीत. कारल्याचा भाव विचारायच्या, मी सांगायचो, त्या "बरं" म्हणून कारलं खाली ठेवायच्या आणि निघून जायच्या. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. तिसऱ्या शनिवारी माझा धीर सुटला. मीच ओरडून कमी भाव सांगितला. त्या परत आल्या, कारली निवडली आणि म्हणाल्या, "म्हणजे गेले दोन आठवडे तू कारल्याचा भाव सांगत नव्हतास. माझा सांगत होतास."

शेजारचा इंग्रज बटाटेवाला विचारायला लागला, ती काय म्हणाली. मी त्याला सांगितलं नाही.

त्यांची दोन वाक्यं सगळ्या गावाला पाठ होती. पहिलं, "तू पाहिलंस का?" कोणी काही सांगायला गेलं की हा प्रश्न ठरलेला. एका संक्रांतीला हॉलचा बॉयलर बंद होता. बायका शालीत कुडकुडत होत्या. एकजण कौन्सिलच्या नावानं भाषण द्यायला लागला, बॉयलर बिघडलाय, आपल्या लोकांचा कार्यक्रम म्हणून मुद्दाम दुरुस्त करत नाहीत वगैरे. ताईंनी विचारलं, "तू पाहिलास का बॉयलर?" त्यानं पाहिला नव्हता. कोणीच पाहिला नव्हता. ताई टॉर्च घेऊन खाली तळघरात उतरल्या, पैठणी सावरत. बॉयलर धडधाकट होता. केअरटेकरनं स्वतः बंद केला होता, कारण गेल्या खेपेला आपल्या लोकांनी हीटिंग पुरतं वाढवून मग गरम होतंय म्हणून सगळ्या खिडक्या उघडल्या होत्या.

दुसरं वाक्य माझ्यावरच जास्त खर्च झालं. "बोललास ना? आता बस." मी मीटिंगमध्ये बोलायचो, आवाज चढायचा, खुर्ची मागं ढकलायचो आणि निघून जायचो. माझा नियमच तो होता. आपलं म्हणणं टाकायचं आणि समोरच्याला तोंड उघडायच्या आत दार आपटायचं. बाजारात हे चालतं. एकदा गणपतीच्या जेवणाच्या कंत्राटावरून मी असाच उठलो. दारापर्यंत पोचलो होतो.

"प्रकाश! बोललास ना? आता बस. उत्तर कोण ऐकणार, तुझी खुर्ची?"

साठ-सत्तर माणसांसमोर मी परत येऊन बसलो. मग त्यांनी आमच्या मंडळाला लॉर्ड्सची रीत सांगितली. तिथं चर्चेत ज्याला बोलायचं आहे त्यानं आधी यादीत नाव द्यायचं. चर्चा सुरू होताना हजर राहायचं, सुरुवातीची भाषणं ऐकायची. आपलं बोलून झालं की उठून जायचं नाही, मंत्री शेवटी उत्तर देईपर्यंत बसायचं. "सुरुवात ऐकली नाही तर बोलायचं नाही, आणि शेवट ऐकायचा नसेल तर मुळात नाव द्यायचं नाही," त्या म्हणाल्या. "हे मला फार आवडलं. आपल्या मंडळात आणू या."

आणलं. मंडळाच्या मीटिंगा दुप्पट लांबल्या. त्याच मीटिंगमध्ये त्यांनी असंही जाहीर केलं की यादीतला दुसरा केटरर त्यांच्या भावजयीच्या नात्यातला आहे, सबब त्या मत देणार नाहीत. कोणी विचारलंही नव्हतं. तो केटरर सगळ्यात स्वस्त होता आणि एका मतानं पडला.

हसण्यासारखं एवढंच होतं. आता मंगलबद्दल.

मंगल माझी धाकटी बहीण. नवरा वारल्यावर मीच तिला आणि तिच्या लहान मुलीला, प्राचीला, इकडं आणलं. तिला माझ्या दुकानात बसायचं नव्हतं. "दादा, घरातही तुझा आरडाओरडा आणि कामावरही तुझाच?" म्हणायची. तिनं गावाबाहेरच्या मोठ्या वेअरहाऊसमध्ये पॅकिंगचं काम धरलं. तिथं ड्युअल कॅरेजवेला, मधे दुभाजक असलेल्या मोठ्या रस्त्याला, लागून एकामागं एक पत्र्याच्या शेडी आहेत. प्रत्येकीत आपलं गाव मावेल एवढ्या. बस मात्र त्या शेडींपर्यंत जात नाही. ती राउंडअबाउटला सोडते. तिथून पुढं फुटपाथ नाही, दिवे नाहीत. गवताच्या कडेनं, लॉऱ्यांचा वारा अंगावर घेत, शंभरेक माणसं रोज चालत जातात आणि चालत येतात. ज्यांच्याकडं गाडी आहे त्यांना ती माणसं दिसतही नाहीत. मी त्या रस्त्यानं वर्षानुवर्षं व्हॅन चालवत होतो.

नोव्हेंबरात साडेचारला अंधार पडलेला असतो. मंगल शिफ्ट संपवून बसकडं चालली होती. पाऊस होता. ज्या गाडीनं तिला उडवलं ती वेगातही नव्हती. चालवणारी मुलगी रडत होती, तिला कोणी दोष दिला नाही. मीही देऊ शकलो नाही, आणि दोष द्यायला माणूस न मिळणं किती वाईट असतं ते माझ्यासारख्या स्वभावाच्या माणसालाच कळेल. मी कौन्सिलकडं गेलो. ते म्हणाले, तो मोठा रस्ता आमच्याकडं येत नाही. रस्त्यावाल्यांकडं गेलो. ते म्हणाले, चालणाऱ्यांची सोय कौन्सिलनं करायची. वेअरहाऊसचा मॅनेजर फार सभ्य होता. त्यानं चहा दिला आणि सांगितलं की गेटच्या आतलं सगळं त्यांचं आहे.

म्हणून मी कुमुदताईंकडं गेलो. लॉर्ड्समध्ये रस्त्यांवरच्या सुरक्षेवर चर्चा लागणार होती. त्यांनी लगेच नाव दिलं.

बोलायला ठरावीक मिनिटंच मिळतात. ताई स्वयंपाकघरात कुकरचा टायमर लावून भाषणाची तालीम करायच्या. ओट्याला टेकून, हातात पेन्सिल. मी समोर टेबलाशी. त्या रविवारी आम्ही त्या भाषणाचा शब्दाशब्दाला भाव केला.

"'खून' म्हणा," मी म्हणालो.

"खून कोणी केला?"

"रस्त्यानं."

"रस्त्याच्या वतीनं मंत्री उत्तर देत नाही, प्रकाश. 'टाळता आला असता असा मृत्यू'."

"ही काय भाषा झाली? शिळ्या भाजीला 'कालची ताजी' म्हणतात तसं."

त्यांनी पेन्सिल दातात धरून विचार केला. "'हा मृत्यू टाळता आला असता. टाळला नाही.'"

"हां. हे घेतो."

टायमर वाजला. भाषण अजून उरलंच होतं. "काय काढू?" त्यांनी विचारलं.

"बसचा भाग काढा."

"बस राहणार. एका गावची बस ही साऱ्या देशाची गोष्ट आहे. अशा शेडी सगळीकडं उभ्या राहतायत, मिल्टन कीन्सपासून वर पार. माणसं सगळीकडं अशीच चालतायत."

"मग माझं काढा. भाऊ, दुकानदार, ते सगळं. पण तिचं नाव ठेवा. नाव घ्या तिथं. लिहून ठेवतात ना सगळं?"

"शब्दन् शब्द."

"मग नाव घ्या. कोणी एक कामगार महिला असं नको."

ताईंनी कागद स्वतःकडं ओढला. त्यांना नाव घेणं आवडत नव्हतं. एकाचं घेतलं की बाकीच्यांचं राहतं, असं त्यांचं मत. पण त्यांनी शेवटच्या ओळीखाली लिहिलं आणि मला वाचून दाखवलं, "तिचं नाव मंगल होतं."

"अगदी शेवटी?"

"शेवटचं लक्षात राहतं."

सौदा ठरला की मी हात पुढं करतो. तसा केला. त्यांनी पेन्सिल खाली ठेवून हात दिला. म्हणून सांगतो, माझा राग हा नुसता रुसवा नाही. आमचा सौदा झाला होता.

चर्चेच्या दिवशी मी प्राचीला घेऊन लंडनला गेलो. ती तेव्हा नॉटिंगहॅमला युनिव्हर्सिटीत होती. एअरपोर्टसारखी तपासणी झाली, पट्टे काढा, नाणी काढा, मग वरच्या गॅलरीत बसवलं. खाली लाल गाद्यांची बाकं आणि सोन्यानं मढवलेली भिंत. बाकं अर्धी रिकामी. कोणी म्हातारा डोळे मिटून बसलेला. पहिला वक्ता उठला आणि बोलायला लागला. प्राची खाली बघत होती.

"मामा, कुमुदआजी दिसत नाहीये."

"असेल. त्या खांबामागं बघ."

"नाहीये. It's started, मामा."

तेवढ्यात खालचं दार उघडलं आणि ताई आल्या. दारातून आत येताना वाकून नमस्कार करायचा असतो, तो केला आणि एका बाकाच्या टोकाला बसल्या. थोड्या वेळानं त्या उठून टेबलाशी बसलेल्या कारकुनापाशी गेल्या, काहीतरी कुजबुजल्या, परत जागेवर आल्या. मला वाटलं, पाणी मागितलं असेल.

एकेक जण उठत होता. एक लॉर्ड त्यांच्या खेड्यातल्या सायकलवाल्यांवर बोलले. एक बाई खड्ड्यांवर छान बोलल्या. प्राचीच्या हातात यादीचा कागद होता, ती नावांवर बोट ठेवत होती. मग तिचं बोट थांबलं.

"मामा, तिच्या पुढचा माणूस उठला."

"म्हणजे?"

"तिचा नंबर गेला. She's just sitting there."

मी खाली बघितलं. ताई मांडीवर हात ठेवून त्या बोलणाऱ्याकडं बघत होत्या, लक्ष देऊन, वर्गात पोरगं फळ्याशी आल्यावर मास्तरीण बघते तशा. त्यांच्या पिशवीतून कागद बाहेर आलाच नाही. शेवटी मंत्री उठले आणि म्हणाले की स्थानिक गरजा स्थानिक पातळीवर उत्तम समजतात. ताई तेही ऐकत बसल्या. सगळं संपलं. मंगलचं नाव कोणी घेतलं नाही.

प्राची हळूच म्हणाली, "ती माझ्या आईचं नाव घेणार होती ना?"

ताई आम्हाला बाहेर त्या उंच छताच्या लॉबीत भेटल्या. मी त्यांना नमस्कारही केला नाही.

"काय झालं?"

"मला उशीर झाला."

"किती? तो पहिला माणूस घसा साफ करत होता अजून!"

"चर्चा सुरू झाली होती, प्रकाश. सुरुवात न ऐकलेल्यानं बोलायचं नसतं. मी नाव मागं घेतलं."

"कोण म्हणतं बोलायचं नसतं?"

"आम्हीच म्हणतो."

"मग तुमच्या त्या आम्हीला सांगा—"

"आवाज."

"आवाज? तुम्ही आवाज काढायचा होता तिथं!"

शेपटीचा काळा कोट घातलेला दरवान आमच्याकडं बघायला लागला. प्राची मध्ये आली. ती ओरडली नाही. "बोलायचं नव्हतं, then why did you stay? आत बसून काय केलं तुम्ही?"

"ऐकलं," ताई म्हणाल्या.

"ऐकून काय? She was my mum."

ताईंनी तिच्या खांद्याकडं हात नेला. प्राची मागं सरकली. तो हात तसाच थोडा वेळ हवेत राहिला. मग मी बोललो. काय बोललो ते स्मरणिकेत छापण्यासारखं नाही. बोलताना माझी नजर त्यांच्या पायांकडं गेली होती. काळ्या बुटांवर घोट्यापर्यंत चिखल वाळला होता आणि साडीचा काठ करडा झाला होता. लंडनच्या पार्लमेंटात या बाई असे बूट घालून येतात, एवढंच तेव्हा मनात आलं, आणि त्याचाही रागच आला. माझं बोलून झालं आणि मी पाठ फिरवली. मागून ती हाक येईल म्हणून कान तयार होते. आली नाही. त्या एका दिवशी त्यांनी मला परत बोलावलं नाही.

त्यानंतर मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्या दुकानात आल्या तर मी आत गोडाऊनमध्ये जायचो. मंडळात मी त्यांच्याविरुद्ध बोललो, त्या बसून ऐकायच्या. एकदा कोणी तरी त्यांची बाजू घ्यायला उठलं तर त्याला म्हणाल्या, "त्याचं होऊ दे पुरं."

उन्हाळ्याच्या शेवटी त्यांचा फोन आला. त्यांना कॅन्सर झाल्याचं गावात कळलं होतं. म्हणाल्या, "जेवायला ये. आपलं भांडण अर्धं राहिलंय."

गेलो. तेच स्वयंपाकघर, तोच टायमर. त्या निम्म्या झाल्या होत्या. पिठलं-भात केला होता, स्वतः चमचाभर घेतला. मी पहिला घास घ्यायच्या आतच विचारलं, "का उशीर झाला होता?"

मग त्यांनी सांगितलं. चर्चेच्या आदल्या दिवशी मंत्र्यांच्या ऑफिसातून त्यांना निरोप आला होता. त्या रस्त्याची कड साफ करून चालण्याजोगी केली आहे, असा. ताईंच्या भाषणात तर होतं की तिथं चालायला जागा नाही. आता खरं काय? दुसरी कोणी असती तर भाषणातलं ते वाक्य गाळलं असतं, किंवा नसतं गाळलं. ताई सकाळच्या बसनं राउंडअबाउटला उतरल्या आणि काळे बूट घालून शिफ्टच्या माणसांबरोबर त्या कडेनं चालत गेल्या. गवत कापलं होतं. बस्स. त्याखालचा चिखल मोकळा झाला होता. बघून झालं, परत राउंडअबाउटला आल्या, आणि स्टेशनला जाणारी बस आलीच नाही. नेहमीसारखी. टॅक्सी बोलावली तर ती तिथं थांबायला जागा नाही म्हणून पुढं निघून गेली. त्यांची ट्रेन चुकली.

मी ताट बाजूला सारलं. "मला त्या दिवशी का नाही सांगितलं?"

"तू ऐकायला थांबला नाहीस."

"बरं. मग हे तिथंच सांगायचं होतं! उठायचं आणि म्हणायचं, मी त्याच रस्त्यावरून येते आहे, त्याच बसनं मला दगा दिला, हे बघा बूट! याहून चांगलं भाषण कोणतं होतं?"

"नव्हतं."

"कोणी अडवलं असतं तुम्हाला?"

"कोणीच नाही. आमच्या सभापतीलाही तो अधिकार नाही. तिथं कोणी कोणाला गप्प करत नाही. आपणच पाळायचं."

"म्हणजे बोलता आलं असतं."

"हो."

त्यांनी हे 'हो' अगदी सरळ सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "त्याच्या आदल्या वर्षी एक फार मोठे गृहस्थ असेच उशिरा येऊन बोलायला उठले होते. सगळे माना खाली घालून बसले. मी एकटी म्हणाले की तुम्ही सुरुवातीला नव्हता. ते बसले बिचारे. त्यांच्याकडंही सांगण्यासारखं काही असेलच की. आता त्यांच्यासाठी नियम, आणि माझ्याकडं मंगल आहे म्हणून मला माफी. असं कसं?"

"असंच," मी म्हणालो. "अगदी असंच, ताई. सगळं जग असंच चालतं. त्या मोठ्या माणसानं तुमच्यासाठी पाळलं असतं?"

"नसतं."

"मग? तुमचा नियम तुमच्याजवळ राहिला. पोरीच्या आईचं नाव राहून गेलं. शेवटच्या ओळीला मी हात मिळवला होता तुमच्याशी."

"माहीत आहे मला."

मी उठलो. खुर्ची मागं गेली. दाराची कडी हातात होती.

"प्रकाश. बोललास ना? आता बस."

मी बसलो. त्या भाताची शितं एका कडेला गोळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला रोज वाटतं की बोलायला हवं होतं. आणि रोज हेही कळतं की उद्या पुन्हा तसंच झालं तरी मी गप्पच बसेन."

"हे काय उत्तर झालं?"

"माझ्याकडं एवढंच आहे."

मला ते पटलं नाही, आजही पटलेलं नाही. पण पिठलं संपवूनच उठलो.

पुढं त्यांनी प्रश्नोत्तराच्या तासाला त्या रस्त्याबद्दल एक प्रश्न विचारला. तिथं एका वाक्यात विचारायचं असतं, नावगाव घ्यायला जागा नसते. मंत्र्यांनी सांगितलं की सन्माननीय बाईंना पत्रानं कळवू. पत्र आलं, त्यात हा विषय स्थानिक असल्याचं लिहिलं होतं. काही दिवसांनी रस्त्याच्या कडेला लाल त्रिकोणातली एक पाटी लागली, त्यात चालणाऱ्या माणसाचं काळं चित्र. फुटपाथ नाही, दिवे नाहीत. पाटीवर चिखल उडतो, त्यामुळं तो माणूसही हल्ली दिसत नाही. थंडीत रस्त्यांच्या सुरक्षेवर पुन्हा एक मोठी चर्चा लागणार होती, त्या यादीत ताईंनी नाव दिलं होतं. चर्चा झाली तेव्हा त्या हॉस्पिटलमध्ये होत्या आणि त्यानंतर घरी आल्या नाहीत. मी हॉस्पिटलमध्ये गेलो नाही. प्राची जाऊन आली. काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्याच्या आधी, नोव्हेंबरात. मंगलला जाऊन वर्ष होत आलं होतं. साडेचार वाजले असतील. पाऊस, काळोख. मी लेस्टरहून कोथिंबिरीचे क्रेट भरून व्हॅननं येत होतो, डोकं कुठल्या तरी ऑर्डरवरून तापलेलं होतं. शिफ्ट सुटली होती. गवताच्या कडेनं माणसांची ओळ बसकडं चालली होती, एकामागं एक, माना खाली घालून. त्यातलं एकजण ओळीतून जरा बाहेर, पांढऱ्या पट्ट्याला लागून चालत होतं. मी हॉर्न दाबला. जोरात, लांब. तिथं सगळेच दाबतात.

मग उजेड तिच्यावर पडला. पिवळं चमकणारं जॅकेट, तिच्या मापाहून मोठं. कानांवर ओढलेली लोकरीची टोपी. खांद्याला कापडी पिशवी. एका हातात काठी आणि दुसऱ्या हातानं चिखलातून वर उचलून धरलेला साडीचा काठ.

तिथं थांबायला जागा नाही. मागून लॉरी आली होती. मी पुढच्या राउंडअबाउटला वळून परत आलो, पलीकडच्या बाजूनं पुन्हा वळलो, तोवर बस निघून गेली होती आणि कडेला कोणी नव्हतं.

हॉर्न वाजला तेव्हा त्यांनी मान वळवून बघितलं नव्हतं. त्या रस्त्यावर चालणारं कोणीच बघत नाही.